एकदा वाजवलं, संपलं

महाडात मला खोली मिळाली ती जिना चढून दाखवला म्हणून.

कॉलेजच्या ग्रंथालयात नेमणूक झाली होती. कराडहून दोन जड बॅगा घेऊन उतरले, तेव्हा स्टँडजवळच्या चहावाल्याने सांगितलं, "गिटारवाल्या काकांची वरची खोली रिकामी आहे. माणूस चांगला आहे, पण जरा तसा आहे." तसा म्हणजे कसा, हे विचारायच्या आत त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं. मी विचारत विचारत घर गाठलं. दारात उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ लुंगी-बनियनवर उभे होते. त्यांनी माझं नाव, गाव, जात, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "जिना चढून दाखवा."

मला वाटलं, वर जाऊन खोली बघा असं म्हणताहेत. वर गेले, खाली आले. ते डोळे मिटून उभे.

"पुन्हा."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, बॅगा तरी ठेवू द्या तिला!"

"नको. बॅगांसकटच ऐकायचंय."

मी पुन्हा चढले आणि उतरले. त्यांनी डोळे उघडले. "जमेल. मॅडम, तुमचा उजवा पाय किंचित उशिरा पडतो. ती चांगली गोष्ट आहे. आधीचा भाडेकरू परेड केल्यासारखा चढायचा. दिवसभर डोक्यात खिळे ठोकल्यासारखं व्हायचं."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. आता अलिबागला असते, पण अजूनही कुठला जिना चढताना माझा उजवा पाय कधी पडतोय याकडे लक्ष जातं.

काका एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. आयुष्यभर नट-बोल्ट, वॉशर आणि हातमोजे वाटले. पण त्याआधी, तरुणपणी, ते मामाकडे मुंबईला होते. शेजारच्या चाळीत एक म्हातारा गोवेकर राहायचा, हॉटेलांत गिटार वाजवणारा. त्याने काकांना गिटार शिकवली, आणि साधीसुधी नाही, जॅझ शिकवलं. पुढे इकडे आई आजारी पडली, काका परत आले, नोकरी लागली, लग्न झालं, आणि महाड तालुक्यात जॅझ वाजवणारे ते एकटेच राहिले. पोलादपूर धरलं तरी एकटेच.

एकदा मी विचारलं, "काका, जॅझ म्हणजे नक्की काय हो?"

ते भेंडी चिरत होते. सुरी थांबवून म्हणाले, "तुम्ही मिनिडोरने पोलादपूरला जाता ना? गाडी तीच, रस्ता तोच, माणसं तीच. पण ड्रायव्हरला वाटलं म्हणून त्याने मधेच एका वाडीत गाडी घातली, तिकडून शेतातून काढली, दोन माणसं जास्तीची घेतली, तुम्हाला वाटलं आता काही पोचत नाही, आणि बघता तर पोलादपूर आलं. ते जॅझ."

"आणि नाही आलं तर?"

"तर तो ड्रायव्हर शिकाऊ आहे," म्हणून त्यांनी पुन्हा भेंडी चिरायला घेतली.

गिटार त्या गोवेकर गुरूचीच होती. मधाच्या रंगाची, पोकळ पोटाची, वरच्या बाजूला कोपराने घासून पांढरी पडलेली. दुपारी जेवण झालं की काका तिला आतल्या खोलीत कॉटवर ठेवायचे आणि वर पातळ गोधडी घालायचे. महाडच्या दमट हवेत लाकडाला आराम लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळात घरात कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना खपायचं नाही. काकू म्हणायच्या, "मला दोन मुलं झाली, पण मुलं झोपलीत म्हणून हे कधी हळू बोलले नाहीत."

सावित्रीचं पाणी चढतंय असा भोंगा झाला की महाडकर ठरलेल्या क्रमाने सामान वरच्या मजल्यावर चढवतात. मी आल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो भोंगा ऐकून मी पलंगावर चढून बसले होते. दार उघडलं तर काका गिटार घेऊन उभे. ती माझ्या पलंगावर ठेवून खाली गेले. मग कागदपत्रांची पेटी आली. मग मिक्सर. मग धापा टाकत काकू आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बघून ठेव गो. या घरात माझा नंबर मिक्सरनंतर."

"अगं, तुला स्वतःला चालता येतं," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीने उत्तर संपूर्ण होतं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं: एकदा वाजवलं, संपलं. तेच परत वाजवायचं नाही. मूळ चाल तीच असली तरी वाट रोज निराळी. यामुळे त्यांना कार्यक्रमाला बोलावणारे आधी आनंदाने बोलवत आणि मग डोक्याला हात लावत. वस्तीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात ते दर वर्षी साथीला बसायचे. त्यांच्यावाचून स्टेज मोकळं वाटायचं आणि ते असले की गायकाला घाम फुटायचा. एकदा तालमीत गायक हात जोडून म्हणाला, "काका, नेहमीचं वाजवा ना."

"नेहमीचं म्हणजे कधीचं?" काकांनी मनापासून विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

असल्या माणसाला जोडीदार मिळाला तो थेट पोलादपूरच्याही वर, कुडपणला राहणारा. उमरठला एका लग्नात काका ऑर्केस्ट्राबरोबर गेले होते, आणि त्याच मांडवात डोंगरावरचं जाखडीचं मंडळ नाचायला आलेलं. ऐन रंगात लाईट गेली. कीबोर्ड गप्प, माईक गप्प, गायक खुर्ची शोधायला लागला. चालू राहिली ती फक्त जाखडीतली ढोलकी आणि काकांची गिटार. वाजवणारे दोघे मांडवाच्या दोन टोकांना होते. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. पण लाईट परत आली तेव्हा दोघेही थांबायला तयार नव्हते, आणि नवरदेवाच्या बापाला मधे पडावं लागलं.

ते ढोलकीवाले कुडपणला शेती करायचे, म्हशी पाळायचे. बुटके, रुंद, बोटं अशी जाड की चहाच्या कपाच्या कानात शिरत नसत. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते महिन्या-दोन महिन्यांनी कामासाठी खाली उतरले की काकांकडे यायचे. दारात काका म्हणायचे, "राम राम!" आणि दादा म्हणायचे, "जय भीम!" काकांचा जय भीम दादांनी आणि दादांचा राम राम काकांनी घेतला होता, तो तसाच चालला होता. मग दोघं ओटीवर बसून वाजवायचे. दादांना जॅझ हा शब्द माहीत होता की नाही, देव जाणे. ते म्हणायचे, "ह्या माणसाबरोबर झोप नाय येत."

काकांना याहून मोठी पावती कुणी दिली नव्हती.

मग काकांचं बोट वाकायला लागलं. डाव्या हाताची अनामिका. आधी तळहातात एक गाठ आली, मग बोट हळूहळू आत ओढलं जाऊ लागलं, आणि काही केल्या सरळ होईना. काका हात पुढे करून लोकांना दाखवायचे, "बघा, हे बोट नम्र झालंय. येईल त्याला वाकतं." पण गिटारवर ते तारेपर्यंत पोचत नव्हतं. मी वरून ऐकायचे तर वाजवता वाजवता मधेच एखादी जागा बुजल्यासारखी यायची, मग जरा वेळ काही नाही, मग काका दुसऱ्याच वाटेने पुढे जायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. न केलं तर वाकतच जाणार. केलं तर बोट सरळ होईल, पण पूर्वीसारखं पळेल याची खात्री नाही.

ते पुण्याहून परत आले त्या दिवशी मी काकूंकडे जेवायला होते. काकांनी सगळं हसत हसत सांगितलं, डॉक्टरच्या बुटांचा आवाज किती वाईट होता तेसुद्धा. काकूंनी भाकरी तव्यावरून काढली, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी ते रेकॉर्ड करून घ्या."

"काय रेकॉर्ड?"

"तुमचं वाजवणं."

"अगं, तुला माहीत आहे माझं. एकदा वाजवलं..."

"तुमचं संपतं हो," काकू म्हणाल्या. "माझं काय? इतकी वर्षं मी या चुलीपाशी बसून ऐकतेय. रोज नवीन. मला एखादं आवडतं. वाटतं, उद्या परत ऐकू. ते परत कधी येतच नाही. किती आवडलेली गेली माझी. एखादं तरी थांबू दे की घरात."

काकांचा घास हातात राहिला. मी ताटातली चटणी उगाच सारखी करत बसले. काकू कधी त्यांचं वाजवणं ऐकतात, हेच मला माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, काकांनाही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काका गल्लीत सांगू लागले, "माझा अल्बम येतोय."

महाडात अल्बम म्हणजे लग्नाचा. जो तो विचारू लागला, "कुणाचं ठरलं?" समोरच्या आजींनी काकूंना घरी येऊन आहेराला काय घेऊ म्हणून विचारलं. त्यात रेकॉर्डिंगची जागा म्हणजे बाजारातला एक फोटो स्टुडिओ, म्हणजे गोंधळात भरच. तो चालवणारा तिशीतला मुलगा लग्नाचं शूटिंग करायचा, आणि मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून त्याने रेकॉर्डिंगची सोय केली होती. तिथे जाखडीची गाणी, जयंतीची गाणी, निवडणुकीत रिक्षावरून फिरवायच्या घोषणा, सगळं रेकॉर्ड व्हायचं. मुलगा गुणी होता. कामात चोख. आणि तोच घोटाळा होता.

"काका, कानाला हे लावा. यात टिकटिक वाजेल. तिच्याबरोबर वाजवा," तो म्हणाला.

"कशाला?"

"म्हणजे लय सुटणार नाही."

काकांनी दादांकडे बोट दाखवलं. "ही टिकटिक कुडपणहून गाडी बदलून आली आहे. तुझी काढून ठेव."

खरी अडचण टिकटिकीची नव्हती, शेजारच्या पिठाच्या गिरणीची होती. तिची घरघर अंड्यांच्या ट्रेंना जुमानत नव्हती. जाखडीच्या दणक्यात ती बुडून जायची, काकांच्या नाजूक वाजवण्यात कशी बुडणार? गिरण बंद व्हायची ती लाईट गेल्यावर, आणि लाईट गेली की रेकॉर्डिंगही बंद. सकाळभर असा खेळ चालला. दादांचा जीव घड्याळात, कारण पोलादपूरहून वर जाणारी गाडी चुकली तर म्हशींची धार कोण काढणार?

शेवटी काकू उठल्या. त्या आमच्याबरोबर डबा घेऊन आल्या होत्या. गिरणीत गेल्या. गिरणवाल्या मावशी म्हणाल्या, "बंद करते गो, पण ह्या बायांना काय सांगू?" बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. काकूंनी त्या सगळ्यांना उचललं आणि स्टुडिओत आणून बसवलं. खुर्च्या दोनच, बाकीच्या जमिनीवर, मांडीवर ज्वारी-तांदळाचे डबे. मावशीही आल्या, केसांवर पीठ तसंच. स्टुडिओवाला कळवळून म्हणाला, "कुणी खोकायचं नाही हं!"

आणि मग काका आणि दादांनी वाजवलं.

मला संगीतातलं फार कळत नाही. इतकंच सांगते, की त्या बायकांपैकी कुणी डब्याचं झाकणसुद्धा वाजू दिलं नाही. एक जण तान्ह्या मुलाला थोपटत होती, ती हळूहळू ढोलकीच्या ठेक्यात थोपटायला लागली. काका मान खाली घालून वाजवत होते, जे बोट चालत नव्हतं ते वगळून, उरलेल्या बोटांना लांब लांब पळवत. संपलं. मग मावशी म्हणाल्या, "झालं? मग लावू गिरण?"

"अजून आहेत," काका म्हणाले.

"मग वाजवा की," म्हणून मावशींनी पदराने केस झटकले आणि मांडी घालून बसल्या.

स्टुडिओवाल्याने मधे एकदा धीर करून सांगितलं, "काका, इथे एक सूर घसरलाय. तेवढंच परत घेऊ या."

"घसरला, कारण रस्ता ओला होता. राहू दे."

काकांच्या सगळ्या रचनांना गावांची नावं होती, ज्या ज्या फाट्यावर गाडीची वाट बघत बसावं लागलं त्या त्या गावांची. 'शिवथर' झालं, 'उमरठ' झालं. शेवटचं 'कुडपण'. ते काकांचं सगळ्यात आवडतं. सुरुवात फार सुंदर झाली. घाट चढत गेल्यासारखं वर वर जात होतं, आणि अगदी वरच्या वळणावर काकांची अनामिका अडकली. गिटार थांबली. काकांचा हात तारांवर तसाच राहिला. दादांनी मान वर करून पाहिलं, पण ढोलकी सोडली नाही. धीमी केली, पण सोडली नाही. एकटीच चालत राहिली. काकांनी हात झटकला, दुसरीकडून सूर धरला, आणि ते दोघं शेवटापर्यंत गेले.

संपल्यावर काका म्हणाले, "परत घेऊ."

स्टुडिओवाल्याला आपण काय ऐकलं ते समजेना. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"परत घेऊ," काका पुन्हा म्हणाले. "हे असं राहायला नको. हेच तर..." पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

दादांनी ढोलकी गवसणीत घालायला घेतली होती. "माझी गाडी हाय."

"एकदाच रे. तेवढं एकच."

"नाय."

"अरे, मी कधी मागितलंय का काही?"

दादा त्यांच्यापाशी आले. त्यांच्या वाकलेल्या बोटावर आपली जाड बोटं ठेवली. म्हणाले, "तू थांबलास, मी चालत व्हतो. मग तू आलास. यात वाईट काय झालं? येवढं तर आपलं खरं हाय त्यातलं." मग स्टुडिओवाल्याकडे वळून, "ठेव रे ते तसंच," म्हणाले आणि ढोलकी खांद्याला लावून निघाले. काका दारापर्यंत गेले, पण हाक मारली नाही. बाहेर गिरण सुरू झाली.

मुखपृष्ठासाठी फोटो आधीच काढून झाला होता. स्टुडिओवाल्याला फोटोची एकच तऱ्हा येत होती. त्याने काकांना आणि दादांना नवरा-नवरीसारखं तिरकं उभं केलं आणि मागे बर्फाचे डोंगर लावले. दादा म्हणाले होते, "आमचे डोंगर काय वाईट हायत?" ते डोंगर काढून टाकले, पण तिरकं उभं राहणं तसंच राहिलं. नावाच्या खाली काय लिहू, असं त्याने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "लिही, सुरुवातीच्या काळातला अल्बम."

"काका, साठी उलटली तुमची."

"माझी उलटली. अल्बमची कुठे उलटली? पहिलाच आहे."

सीडी वाजवायला आता कुणाकडे काही नसतं, म्हणून तो अल्बम पेन ड्राइव्हवर निघाला. काकांनी ते खिशात भरून शेंगदाण्यांसारखे वाटले. गिरणवाल्या मावशींना दिला, कॉलेजच्या ग्रंथालयाला दिला (मी त्याला रीतसर नंबर घातला), आणि महाड-पोलादपूर फेऱ्या मारणाऱ्या एका मिनिडोरवाल्याला दिला.

ऑपरेशन झालं. बोट सरळ झालं, हे आधीच सांगून टाकते. पूर्वीसारखं पळत नाही, पण चालतं. काका आता त्याच्यासाठी सोप्या जागा शोधतात आणि म्हणतात, म्हातारं बोट आहे, त्याला घाटाने नेत नाही, गावातून नेतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवसांत हातावर जाडजूड पट्टी होती, आणि काका वाजवत नव्हते म्हणून घर अगदी परकं वाटायचं. जिना चढताना मलाच माझे पाय मोठ्याने ऐकू यायचे.

त्यातच एका रविवारी आम्ही कुडपणला निघालो, दादांना त्यांचा पेन ड्राइव्ह द्यायला. दादांची म्हैस व्यायला झाली होती, त्यांना खाली उतरता येत नव्हतं. काका, काकू आणि मी. काकांच्या खांद्यावर गिटार.

"हात बांधलेला, आणि गिटार कशाला?" काकू म्हणाल्या.

"घरी एकटी काय करील?"

नेमके आम्ही बसलो तो तोच मिनिडोरवाला निघाला. त्याने काकांना आरशात पाहिलं आणि अभिमानाने 'उमरठ' लावलं. काकांनी स्वतःचं वाजवणं तोवर ऐकलंच नव्हतं. ऐकायला बसले की दोन सुरांत उठून जायचे. आता उठून जाणार कुठे? एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मासळीची पाटी घेतलेल्या बाई. काका बाहेर बघत ऐकत राहिले. पोलादपूर जवळ आलं तेव्हा ते त्या बाईंना म्हणाले, "बरा वाजवतो माणूस, पण घाई करतो."

"घाई?" बाई म्हणाल्या. "मला तर वाटलं झोपला मधी."

काका इतके हसले की पाटी धरावी लागली.

कुडपणला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दादांच्या अंगणात चकचकीत काळं रेडकू धडपडत उभं होतं. चहा झाला. दादांच्या सुनेने स्पीकर आणला, उपड्या टोपलीवर ठेवला आणि पेन ड्राइव्ह लावला. घरचे सगळे बसले, शेजारचे आले. दादा आपलीच ढोलकी अशी ऐकत होते की जणू दुसराच कुणी वाजवतोय. मग त्यांना राहवेना. खुंटीवरची ढोलकी काढली आणि स्पीकरबरोबर वाजवू लागले. मजा आली. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

एका ठिकाणी दादांनी ठेका फिरवला. स्टुडिओत वाजवला होता तसा नाही, निराळाच, तिथल्या तिथे सुचलेला. आणि सवयीने काकांकडे पाहिलं.

स्पीकरमधली गिटार सरळ पुढे निघून गेली.

दादा थांबले. "आयकत नाय ही," म्हणाले.

"काय?"

"तुझी गिटार रे. मी वळलो, ती गेली आपली सरळ."

काका हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. अंगणात स्पीकर चालूच होता, त्यात काका वाकलेल्या बोटाने का होईना, दोन्ही हातांनी वाजवत होते, आणि समोर बसलेल्या काकांकडे बघवत नव्हतं.

काकू उठल्या. टोपलीपाशी गेल्या आणि त्यांनी स्पीकर बंद केला.

"तुम्ही वाजवा," त्या म्हणाल्या.

"अगं, हात..."

"उजवा मोकळा आहे ना?"

मीच गवसणीची चेन उघडली. काकांनी गिटार मांडीवर घेतली, पट्टीचा हात तिच्या पाठीवर नुसता टेकवला. एका हाताने काय वाजणार? मोकळ्या तारांचे सूर, तेवढेच. त्यांनी एक तार छेडली आणि ती विरेपर्यंत थांबले. मग दुसरी. दादांनी ढोलकीवर बोट टेकवलं, फार हळू. त्या थोड्याशा सुरांत काका इकडून तिकडे जाऊ लागले, चाचपडत, अंधारात घरातल्या वस्तू शोधल्यासारखे. काकूंनी डोळे मिटले होते. इतक्या वर्षांत त्यांना असं काम सोडून, बसून ऐकताना मी पहिल्यांदा पाहत होते.

मी पर्समधून फोन काढला, रेकॉर्ड करायला. डोळे न उघडताच काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे गो," त्या म्हणाल्या. "ऐक."

दादांनी ठेका फिरवला, आणि काका त्यांच्यामागोमाग वळले.